ज्याचा खुंटा त्याचं वासरू

आता कोर्टात म्हणे रक्त तपासून बाप ठरवतात. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तरी चालतं, असं परवा पेपरात वाचलं. आमच्या गावात बाप खुंट्यावरून ठरायचा. बाजारातून गाभण गाय आणली की तिच्या पोटातलं वासरू आणणाऱ्याचं. ते कुठल्या गावच्या वळूचं, ही चौकशी कोणी करत नसे. ‘ज्याचा खुंटा त्याचं वासरू,’ असं माझे सासरे हसत हसत म्हणायचे. नवी सून होते तेव्हा मलाही त्याची गंमत वाटायची.

गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र नवा नवा झालेला होता आणि पंचायत समितीची जीप आली की पोरं तिच्यामागे धावत. सासऱ्यांची जमीन बरी होती, पण त्यांचं नाव जमिनीमुळे नव्हतं, जनावरांमुळे होतं. निमाडी जात, तांबडं अंग आणि त्यावर पांढरे शिंतोडे. शिंतोडे नेमके कुठे पडले पाहिजेत, हेही त्यांचं ठरलेलं होतं. मानेवर चालतील, मागच्या पायावर नकोत. मागच्या पायावर पांढरं आलेलं वासरू कितीही अंगापिंडाने चांगलं असलं तरी ते विकून टाकायचे. ज्वारीचं बियाणंसुद्धा ते कोणाला निवडू देत नसत. खळ्यावर बसून एकेक कणीस हातात घेऊन पाहायचे आणि निवडलेली कणसं आढ्याला टांगायचे. त्या माणसाला नजर होती, हे मी नाकारत नाही. चांगली नजर असलेला माणूस चांगला असतोच असं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला पाहायला ते आमच्या गावी आले, मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या जवळ. पोह्यांना हात लावला नाही. मला अंगणातून विहिरीपर्यंत चालवलं, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन परत यायला लावलं. मग म्हणाले, “हास बरं पोरी.” मी हसले. त्यांना दात पाहायचे होते. मी सातवी पास होते, वर्गात पहिली येत होते, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं माझ्या आईला. बाळंतपणं किती झाली, किती जगले, दूध किती दिवस पुरलं. आई लाजेने भिंतीआड गेली आणि सगळं माझ्या बापाला सांगावं लागलं. सासऱ्यांनी ऐकून मान हलवली.

“खान चांगली हाय,” म्हणाले. गाय घेतानाही ते आधी खाण, म्हणजे तिच्या आईकडची पैदास, विचारायचे. माझं लग्न ठरलं.

खरं तर मी त्या घरात यायचीच नव्हते. त्यांच्याकडे सून बाहेरून आणायची रीत नव्हती. मामाची पोरगी करायची. सासऱ्यांच्या बापाने मामाची पोरगी केली होती, सासऱ्यांनी केली होती, आणि थोरल्या मुलालाही त्याच्या मामाचीच केली होती. धाकट्यासाठी मामाकडे पोरगी उरली नव्हती, म्हणून मला आणली. गोठ्यातही हाच कायदा. त्यांच्या वळूच्या लेकी त्याच वळूला दाखवायच्या, मग त्या लेकींच्या लेकीही. गावचा मोकाट वळू आमच्या गाईंच्या आसपास आला तर गडी त्याला दगडं मारायचे. “घरचं बीज घरातच,” असं ते म्हणायचे.

वर्षाच्या आत मला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी सासरे ओट्यावर चारचौघांना सांगत होते, “धाकली पहिल्याच माजाले गाभन राह्यली.” मी दाराआड होते, लेकरू मांडीवर होतं. माणसं हसली. अंगाची आग झाली माझ्या. ती अजून विझलेली नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

थोरल्या जावेला मूल नव्हतं.

ती माझ्या सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी. सासूला ती ‘आत्या’च म्हणायची. उंच, सावळी, तोंडाची मोकळी. मी घरात आले तेव्हा मला चुलीला फुंकर घालताही धड येत नव्हतं. तिने मला बोलणी न खाऊ देता सगळं शिकवलं आणि वर चिडवलंही, “सातवीत चूल नव्हती काय बाई?” लाथा मारणाऱ्या गाई तिच्या हाताखाली गुमान उभ्या राहायच्या. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. माझ्या लेकरांना न्हाऊ घालताना ती गाणी म्हणायची, आणि तिच्या तोंडाकडे पाहायला मला जड जायचं. कारण सासू तेवढ्यात कुणाला तरी सांगत असायची की थोरलीला अजून काही नाही. उपास झाले, गंडे झाले, झाडपाला झाला. पोट साफ व्हायचं म्हणून कुठलं तरी कडू मूळ तिला महिनाभर उगाळून पाजलं, त्यात तिचे केस गळाले. थोरल्या दिरांना कोणी काही पाजलं नाही.

त्यांच्याकडे गाईंसाठी एक नियम होता. वळूला दाखवलेली गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की ती ‘उलटली’ म्हणायचे. तीनदा उलटली की बाजार. जायच्या दिवशी सासू पुरण घालायची. गाईचे पाय धुवायची, कपाळाला कुंकू लावायची आणि पोळी खाऊ घालायची. मग गळ्यातलं दावं सोडून घ्यायचं. विकलेल्या गाईबरोबर आपलं दावं कधी द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. दावं घरात खुंटीला अडकवायचं आणि गाईच्या गळ्यात दोन पैशांची सुतळी बांधून तिला व्यापाऱ्याच्या हाती द्यायचं. भाकड गाय घेणारा व्यापारी तिला कुठे नेतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासूच्या डोळ्यांना पाणी यायचं. ते खरं असायचं, आणि त्याने काही फरक पडायचा नाही.

त्या वर्षी गाई एकामागून एक उलटायला लागल्या. खुंटीवर दाव्यांची गर्दी झाली. त्यात थोरल्या जावेची गाय होती, तिच्या बापाने आंदण दिलेली, कपाळावर पांढरा टिळा असलेली. आधी दोन वेतं झालेली चांगली गाय. तिसऱ्यांदा उलटल्यावर जाऊ पहिल्यांदा सासऱ्यांसमोर बोलली.

“मामाजी, तिले येक डाव दुसऱ्या गोऱ्ह्याले दाखवून पाहा ना.”

“गाईत खोट हाय,” सासरे म्हणाले.

“पन साऱ्याच गाईइत काऊन खोट असन?”

सासरे उठून वळूकडे गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो कारभार होता, पण चोर त्यांचा लाडका होता. त्याला ते हाताने सरकी चारायचे. दुसऱ्या दिवशी पुरण झालं. जावेने गाईच्या गळ्यातलं दावं स्वतः सोडलं आणि ते खुंटीवर न टांगता बराच वेळ हातात धरून बसली. सासू म्हणाली, “टांग व माय, हातात काऊन घेऊन बसली?” तेव्हा टांगलं.

हिवाळ्यात तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर गावात आला. पुण्याकडचा, तरुण, बोलणं छापील. पारावर माणसं जमवून त्याने सांगितलं की सरकारने चांगले वळू पाळलेत, त्यांचं बीज थर्मासमध्ये बर्फावर ठेवून आणता येतं आणि नळीने गाईला देता येतं. वळू यायची गरजच नाही. लोक हसून हसून लोळले. कोणी विचारलं, “साहेब, गाईले मालूम पडते काय, की नवरा येऊन गेला?” डॉक्टरही हसला. मग म्हणाला की गावातले वळू एकदा तपासून घ्यायला हवेत, कारण बाहेरून तगडा दिसणारा वळू आतून रिकामा असू शकतो.

सासऱ्यांना हे सहन होणं शक्य नव्हतं. “पह्यले माह्या गोऱ्ह्याचं पाहा,” ते म्हणाले, “मंग गावाले शिकवा.”

वळू आमच्या अंगणात आणला. गाव जमलं. रबराच्या नळकांड्यात त्याचं बीज कसं घेतलं ते बायकांनी पाहायचं नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्याजणींनी दाराच्या फटीतून पाहिलं. हौस म्हणून डॉक्टरने गावच्या मोकाट वळूचंही घेतलं. तोच तो, दगडं खाणारा, हाडं निघालेला, एका शिंगाचा. मग ओट्यावर पाट मांडला, त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला आणि त्याचा आरसा उन्हाकडे फिरवला. आधी आमच्या वळूचं पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, आणि उठून सासऱ्यांना म्हणाला, “दादा, तुम्हीच बघा.”

सासऱ्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. मग डॉक्टरने दुसरी काच लावली, मोकाट वळूची. तेही पाहिलं. मागून एक म्हातारा ओरडला, “काय दिसते बे, सांग ना.”

“याच्यात वळवळ हाय,” सासरे म्हणाले. “माह्यात काहीच नाही.”

डॉक्टरने समजावून सांगितलं. बाप, लेक, नात असं एकच रक्त पिढ्यान्‌पिढ्या फिरवत राहिलं की रंग टिकतो, बीज थकतं. बाहेरचं रक्त आणायला हवं. हे सांगताना त्याचा सूर वर्गात बोलावं तसा होता. मागून त्याच म्हाताऱ्याने विचारलं, “म्हंजे गाई चांगल्याच होत्या म्हना की.”

मला वाटलं, सासरे आता चिडतील. ते चिडले नाहीत. “हाव,” म्हणाले. “गाई चांगल्याच होत्या. चूक माह्यी झाली.” भर गावात म्हणाले. तेवढ्यापुरता मला त्यांचा आदर वाटला, खोटं कशाला बोलू.

थोरली जाऊ चहाचं ताट घेऊन दाराशी उभी होती. तिने ताट खाली ठेवलं, पदर पुढे ओढला आणि ओट्यावर आली. आमच्या घरातली सून परपुरुषांच्या बैठकीत कधी गेली नव्हती. ती थेट डॉक्टरसमोर उभी राहिली.

“साहेब, मानसाचंही पाह्यता येते काय असं?”

डॉक्टर गोंधळला. मग म्हणाला, “येतं ना. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात बघतात. अगदी असंच.”

“मंग आमच्या ह्यायचंही पाहून घ्या, मामाजी,” ती म्हणाली. “गाई तं गेल्या. मी आजून घरातच हाय.”

थोरले दीर गोठ्याच्या दाराशी कडब्याची पेंढी घेऊन उभे होते. ती पेंढी त्यांनी ना खाली ठेवली, ना आत नेली. कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी ताटातला कप उचलला, बशीत ओतला, फुर्र करून प्याले आणि डॉक्टरला विचारलं, “साखर कमी तं नाही झाली?”

त्याच आठवड्यात त्यांनी वळू बडवून घेतला. बैल करायची ती जुनी तऱ्हा. दोरखंडाने चारी पाय आवळून जनावर आडवं पाडायचं आणि दोन दांड्यांमध्ये धरून नसा चेचायच्या. एवढ्या वयाच्या वळूला कोणी बडवत नाही, जीवही जाऊ शकतो. तो ओरडला तसा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही आणि ऐकायची इच्छा नाही. सासऱ्यांनी स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळ कुरवाळत म्हणत होते, “झालं रे बापू, झालं, झालं.” दुसऱ्या महिन्यात तो मोटेला जुंपलेला होता. जे चालत नाही ते ठेवायचं नाही, मग ते कितीही लाडकं असो, हा त्यांचा न्याय होता. त्यांनी डॉक्टरला निरोप धाडला की थर्मास घेऊन या.

थोरली जाऊ त्या दिवसांत आनंदात होती. हे आठवलं की मला अजून त्रास होतो. तिला वाटत होतं, सुटलो. “मामाजी कडक हायेत,” ती मला म्हणायची, “पन खोटं नाही बोलत. गोऱ्ह्याचं कबूल केलं ना भर लोकात? मंग माह्यंही करतीन.” दूध काढताना ती पुन्हा गाणी म्हणायला लागली होती.

मग सासरे आणि दोघे भाऊ एस.टी.ने बुलढाण्याला गेले. कोर्टाचं काम आहे म्हणाले. कोर्टात आमचं काही नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी परत आले. जाऊ पाय धुवायला पाणी घेऊन पुढे झाली. सासऱ्यांनी पाय धुतले, तोंड पुसलं आणि सासूला म्हणाले, पण तिला ऐकू जाईल असं, “डॉक्टरनं पाह्यलं. पोरगा साबूत हाय.”

जाऊ नवऱ्याकडे वळली. “खरं काय?”

थोरल्या दिरांनी मान खाली घातली, आणि ती तशीच एकदा वरखाली हलवली.

पुढच्या आठवड्यात सकाळी उठले तर चुलीवर पुरण शिजत होतं. सण नव्हता. कोणाचं श्राद्ध नव्हतं. गोठ्यात तर बाजारात न्यायची एकही गाय नव्हती. मी सासूला विचारलं, “आत्याबाई, आज काय हाय?” ती पुरण घोटत राहिली. मग माझी नजर खुंटीवरच्या दाव्यांकडे गेली आणि मला समजलं.

तिने भाचीला पाटावर बसवलं. पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओटी भरली, पोळीवर तूप वाढलं. जाऊ जेवली. तिला वाटलं असेल, माहेरी दोन दिवस पाठवताहेत. मग सासूने मागे जाऊन तिच्या मंगळसूत्राची गाठ सोडली, सोन्याच्या दोन्ही वाट्या ओढून काढल्या आणि नुसते काळे मणी पुन्हा गळ्यात बांधले.

“आत्या, काऊन?”

“घरचं सोनं घरात राह्यते, माय,” सासू म्हणाली आणि रडायला लागली. जाऊ रडली नाही. उठून मुकाट्याने बैलगाडीत बसली. नवरा तिला पोचवायला गेला नाही, गडी गेला. मी गाडीमागे गावकुसापर्यंत चालत गेले. माझा धाकटा तिच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हता, त्याला ओढून घ्यावा लागला. ती म्हणाली, “जाय व, घरी बोलतीन तुले.” त्या वेळीही तिला माझी काळजी.

गाडी गेल्यावर आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. कपाशी वेचताना, एका ओळीत आम्ही दोघंच असताना. बुलढाण्याला दवाखान्यात दादाचं तपासलं, काचेखाली काहीच नव्हतं, त्या वळूसारखं. बाहेर एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर सासरे बराच वेळ बसले. मग म्हणाले, “गोठ्यात जे केलं तेच घरात केलं. येकच रक्त फिरवलं. आता बाहेरचं आनाव लागन.” आणि दोन्ही मुलांना बजावलं, “हे गावाले मालूम नाही पडलं पाह्यजे. तिले तं मुळीच नाही.”

पुढे एका शहाण्या डॉक्टरने मला सांगितलं की मामाची मुलगी केल्याने एवढं होत नसतं. दिरांना मिसरूड फुटल्यावर गालगुंड झालं होतं, ते खाली उतरून बीज गेलं असेल. म्हणजे तो निवाडाही चुकीचाच होता. पण त्या दिवशी कपाशीत मला हे माहीत नव्हतं. मी ह्यांना विचारलं, “तुमची जीभ काऊन नाही उचलली?” ते म्हणाले, “बापासमोर?” मी वेचलेला कापूस त्यांच्या अंगावर फेकला आणि घरी आले. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याने कोणाचंच काही बिघडलं नाही, घरात सगळं सुरळीत चालू होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी थोरल्या दिरांचं दुसरं लग्न झालं. वाजंत्री नाही, मांडव नाही. मुलगी पूर्णा नदीपलीकडची, नात्यागोत्यातली नव्हे. अठराची असेल, घाबरलेली. तिच्या गळ्यात त्या दोन वाट्या होत्या. आली त्या आठवड्यातच फोडणीचा वास आला की ती परसात पळायला लागली. मी दोन बाळंतपणं झालेली बाई, मला कोणी सांगायला नको होतं. तिच्या डोक्याला तेल लावता लावता मी विचारलं आणि तिने सांगून टाकलं. तिच्या गावच्या कोणा एकाने तिला फसवलं होतं. बाप विष घेऊन द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात आमचे सासरे तिथे जाऊन पोचले. असल्या घराचा शोध त्यांनी कसा काढला कोण जाणे, बाजारात बसणाऱ्या माणसाला सगळ्या गावच्या खबरा असतात.

“तुले पाह्याले आले तवा काय इचारलं त्यायनं?” मी म्हणाले. “चालवलं काय? दात पाह्यले?”

“नाही,” ती म्हणाली. “येकच इचारलं. कितवा महिना हाय.”

पावसाळा सरता सरता तिला मुलगा झाला. सातमाशी, असं सांगायचं ठरलं होतं. सुईणीने लेकराची नखं पाहिली, डोईभर जावळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नवं लुगडं घेऊन घरी गेली. चार दिवस मागेपुढे डॉक्टरच्या थर्मासची पहिली कालवड झाली. काळीपांढरी, आमच्या रंगाची एकही खूण नसलेली, मागच्या दोन्ही पायांवर पांढरी. सासऱ्यांनी तिला विकलं नाही. त्यांनी दोन्हींची साखर एकदमच वाटली. एरवी वासराच्या रंगावरून नाक मुरडणारा माणूस, पण त्या दिवशी लेकराला हातात घेऊन गोठ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “बाहेरचं बीज लागलं.” लोकांना वाटलं, कालवडीबद्दल बोलताहेत.

गाव काय बोललं ते सांगायलाच हवं. गाव म्हणालं, “पाह्य, दुसरी केली आन् लगेच झालं. खोट तिच्यातच होती.” हातच्या काकणाला आरसा कशाला? पाळण्यात पोर होतं ना समोर.

थोरली जाऊ मला त्यानंतर एकदाच भेटली, जळगाव जामोदच्या बाजारात. भावाच्या मळ्यातली भाजी घेऊन बसली होती. भावजयीच्या हाताखाली राबून वाळली होती, पण मला पाहून हसली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बुलढाण्याच्या दवाखान्याचं, बाकड्यावर सासरे काय म्हणाले ते, नवीला काय विचारलं ते. काही म्हणजे काही ठेवलं नाही. ती मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. एकदा हात थांबला, मग पुन्हा बांधायला लागली.

“पोट्टं झालं ना पन?” ती म्हणाली.

“झालं. पन त्यायचं नाही ते.”

“तू चांगली हाय व. मले बरं वाटाव म्हनून सांगून राह्यली.”

“तुह्या गळ्याची शपथ, खरं सांगतो.”

“ते मान हालवले होते,” ती म्हणाली. “मी इचारलं, आन् ते मान हालवले. आपल्या मानसाच्या तोंडावर खोटं नाही बोलत कोनी.” मग तिने पाणी शिंपडून भाजी वर-खाली केली. “मीच चुकली. भर लोकात मामाजीले बोलली, आपल्या मानसाची लाज काढली. देवानं दाखोलं मले. लेकरू कोनावानी दिसते?”

मला राग आला, तिचाच राग आला. तिला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. ओट्यावर एकटी उभी राहून बोलली ती बाई आतल्या आत संपवली होती, आणि ज्यांनी संपवली त्यांचीच ती बाजू घेत होती. “कोनावानीच नाही दिसत,” मी म्हणाले. ती म्हणाली, “लहान हाय आजून. त्यायच्यावर जाइन.”

उठताना तिने जबरदस्तीने माझ्या पिशवीत भाजी कोंबली. “मामाजीले सांगजो,” म्हणाली, “थोरली म्हने, माह्यं चुकलं.”

मी घरी आले ती सरळ गोठ्यात गेले. सासरे नव्या कालवडीच्या गळ्यात दावं बांधत होते. खुंटीवरून काढलेलं जुनंच दावं होतं, टिळेवाल्या गाईचं. त्यांना लाज वाटावी म्हणून मी निरोप शब्दाला शब्द सांगितला, त्याआधी तिला मी खरं काय ते सांगितलं होतं हेही सांगितलं, आणि सांगून तिथेच उभी राहिले.

त्यांनी गाठ पुरी केली. बोट घालून ती गळ्याला आवळत तर नाही ना, ते पाहिलं.

“पाह्य,” म्हणाले, “खान चांगली होती.”